हरवलेल्यांची बेरीज

सोमवार, २ सप्टेंबर

आज अमेरिकेच्या कामगार दिनाची सुट्टी. नॉर्बर्टच्या अंगणात सॉसेज भाजता भाजता ठरलं की यंदा विगिलिया, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण, कोणाच्या घरी, हे फुटबॉल ठरवणार. हसू आलं, तरी लिहून ठेवते.

सासूबाई ईस्टरआधीच्या उपवासांत, लेंटमध्ये, वारल्या. घर जूनमध्ये विकलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसला की सगळ्यांनी जेवायला बसायचं, ते आजवर त्यांच्याच टेबलावर. मी थोरली सून. उभं आयुष्य त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले, पण मशरूमच्या सूपमध्ये मीठ घालायची परवानगी मला कधी मिळाली नाही. आता ते जेवण माझ्या घरी व्हावं असं मला वाटतं. माझा नवरा कॅझ गेल्यापासून आमचं टेबल लांब करायची जादाची लाकडी पानं भिंतीला टेकवून ठेवलेली आहेत. ती जोडली की चौदा माणसं बसतात. एकदा तरी ती जोडायची आहेत. त्याची खुर्ची भरलेल्या टेबलाला लागलेली बघायची आहे.

माझी नणंद अर्लीन म्हणते, मुलगी ती आहे, तेव्हा मान तिचा. तिच्या टेबलावर आठ जण कोंबून बसतात. ईस्टरपासून आमची ही रस्सीखेच चालू आहे.

नॉर्बर्ट म्हणजे आमचा धाकटा दीर. लग्न केलं नाही, आयुष्यभर शहराची बस चालवली, त्यामुळे भांडणाऱ्या माणसांना खाली कसं उतरवायचं हे त्याला कळतं. म्हणाला, "वहिनी, हा बरोबरीचा सामना आहे. पोपलाही सुटणार नाही." आणि त्याने तोड काढली. कॅझ पक्का बफेलोचा, आमच्या शहराच्या संघाचा. अर्लीनचा नवरा एमिल पिट्सबर्गहून आलेला, इतकी वर्षं आमच्यात राहून मनाने तिथलाच. दोघे मेहुणे, दर हंगामात गुणतक्त्यावरून भांडायचे. तेव्हा माझं बफेलो, अर्लीनचं पिट्सबर्ग. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तक्त्यात जो वर असेल, त्याच्या घरी विगिलिया. त्यापुढे थांबता येत नाही, कारण माझ्या मुलीला, रोझानला, फ्लोरिडाहून यायची विमानाची तिकिटं काढायची असतात.

अर्लीनला फुटबॉलचा तिटकारा. तरी लगेच कबूल झाली. त्याआधी एकदा विचारलं होतं तिने, की जेवण दुपारीच केलं तर नाही का चालणार. सगळे हसले. दुपारी तारा कुठून आणायचा?

एमिल नेहमीसारखा विनोदी. बाथरूमला म्हणून उठला आणि नॉर्बर्टच्या कोटांच्या कपाटात शिरला. आत चांगला वेळ उभा होता. अर्लीनने दार उघडलं तर म्हणतो, "इथे फार गर्दी आहे." आम्ही पोट धरून हसलो. अर्लीन नाही हसली. सारखे सारखे विनोद ऐकून बायकोला कंटाळा येतच असेल.

सोमवार, ९ सप्टेंबर

जिंकलो. आणि नुसते जिंकलो नाही, पेपरात छापलंय, आम्ही वर आहोत. बफेलो वर, पिट्सबर्ग खाली, मध्ये दोन-तीन नावं. खाली लिहिलंय, हंगाम आज संपला तर बाद फेरीत कोण असेल. एका आठवड्यात हंगाम कसा संपेल हे मला कळत नाही, पण पेपरवाल्यांना घाई असते.

सकाळी प्लाचेक, आमचा गोड पाव, केला. मनुका जास्त घातल्या, वरचा चुरा लोण्यात नीट परतला. अर्धा अर्लीनकडे पाठवला, चिठ्ठी लावून: अव्वल क्रमांकाकडून सप्रेम.

शाळेतल्या सिस्टर अलॉयसिया असत्या तर म्हणाल्या असत्या, बर्नाडीन, गर्व हा पायघोळ झगा आहे, आपल्याच पायात येतो.

मंगळवार, १० सप्टेंबर

झगा पायात आला. नॉर्बर्ट कॉफीला आला होता. त्याला पेपर दाखवला तर तो खुर्चीत मागे रेलून एवढा हसला की मला वाटलं त्याला काही होतंय. पिट्सबर्गही जिंकलंय. जे जे पहिला सामना जिंकले ते सगळे बरोबरीत आहेत, आणि बरोबरीतल्यांना पेपरवाल्यांनी मुळाक्षरांप्रमाणे लावलंय. "वहिनी, बी हे पीच्या आधी येतं, एवढंच तू जिंकली आहेस," म्हणाला.

आणि अर्धा प्लाचेक तिकडे गेलेला.

अर्लीनचा फोन आला. चिठ्ठीबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, एमिलला फार आवडला, सगळा त्यानेच खाल्ला, आणि आज सकाळी पुन्हा विचारत होता की प्लाचेक कोणी आणलाय. मला बरं वाटलं. माझ्या हाताच्या चवीची आठवण राहते लोकांना.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचा शुक्रवार. कोबीची कोशिंबीर यंदा कोणीतरी गोड केली आहे. कोणी ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही.

रांगेत एमिलने माझा हात धरला आणि कानात विचारलं, "कॅझने गाडी कुठे लावली आज?" मला एवढं हसू आलं. कॅझला जन्मात पार्किंग सापडलं नाही. सगळ्यांचं जेवण निम्मं व्हायचं आणि हा गल्लीबोळांत फिरत असायचा. सहा वर्षं झाली त्याला जाऊन, पण ती थट्टा एमिलने जपून ठेवली आहे. मीही म्हटलं, "येईल, अजून शोधतोय." एमिल दाराकडे बघत राहिला. डोळे भरून आले माझे, पण चांगल्या अर्थाने.

अर्लीन एमिलचे मासे कापून देत होती, काटे काढून, छोटे छोटे तुकडे करून. काय हे लाड. कॅझला मी पूर्ण मासा ताटात टाकून वर पाठ फिरवायचे.

सोमवार, १६ सप्टेंबर

आता खरोखर वर. बफेलो दोन जिंकलं, पिट्सबर्ग एक हरलं. नॉर्बर्टकडून खात्री करून घेतली, यात मुळाक्षरांचा हात नाही.

प्लाचेक केला नाही. मात्र टेबलाची पानं भिंतीपासून काढून पुसून ठेवली. सासूबाईंचा भरतकामाचा टेबलक्लॉथ माझ्याकडे आलाय, तो अंथरून बघितला. एका बाजूने वीतभर कमी पडतो. तिकडे नॉर्बर्टला बसवता येईल.

सोमवार, २३ सप्टेंबर

काल हरलो. आणि कसे, तर शेवटच्या मिनिटाला, हातात आलेला चेंडू निसटून. मी टीव्हीला उद्देशून जे बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. पिट्सबर्ग जिंकलं. दोन विजय, एक पराभव, दोघींचे सारखे.

आता बरोबरी कशी सोडवतात हे समजून घ्यायला हवं. नॉर्बर्ट म्हणाला, मला अर्धवट ठाऊक आहे, एमिलला विचार, त्याला सगळे नियम जपमाळेसारखे पाठ आहेत. खरंच होते. पूर्वी विगिलियाला सूप येईपर्यंत तो कॅझला बोटांवर मोजून दाखवायचा, पहिला नियम हा, दुसरा हा, आणि शेवटचा नियम नाणेफेक. सासूबाई ओरडायच्या, अरे, आज प्रभू येणार आहे, नाणी खिशात ठेवा.

फोन केला. अर्लीनने घेतला. म्हणाली, तो झोपलाय. पण मला मागून त्याचा आवाज स्पष्ट आला, "कोण आहे? कोण आहे ती?" मग ती फोनवर हात ठेवून काहीतरी बोलली.

बरोबरच आहे. विरोधी संघाला गुपितं कोण सांगेल? अर्लीन दिसते त्यापेक्षा पक्की आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

दोघीही जिंकलो. तीन विजय, एक पराभव. दोघी आपापल्या विभागात पहिल्या. आता शेवटचा रविवार उरला, आणि त्या रविवारी काय असावं? बफेलोला सुट्टी. प्रत्येक संघाला हंगामात एक आठवडा विश्रांती असते, ती आम्हाला नेमकी आता. मी नॉर्बर्टला फोन करून रडगाणं लावणार, तेवढ्यात तोच म्हणाला, थांब, गंमत पुढे आहे. पिट्सबर्गलाही तीच सुट्टी.

म्हणजे ज्या दिवशी निकाल लागायचा त्या दिवशी दोन्ही संघ घरी पाय पसरून बसणार.

संध्याकाळी तो पेपर आणि पेन्सिल घेऊन आला. आमच्यात सामना झालेला नाही, तेव्हा पहिला नियम गेला. गटातले विजय सारखे, दुसराही गेला. तिसऱ्याला पुरेसे सामने झालेले नाहीत. मग चौथा, आणि तो ऐकून मी पेन्सिल त्याच्या हातातून काढून घेतली. आपण ज्यांना हरवलं, त्यांचे आत्तापर्यंतचे विजय मोजायचे. ज्याने हरवलेल्यांची बेरीज मोठी, तो वर.

मी विचारलं, म्हणजे मी ज्यांना हरवलं ते आता जिंकायला हवेत?

"तेच तर," तो म्हणाला. "त्यांचं जेवढं भलं, तेवढा तुझा विजय मोठा. ते रडके निघाले तर तू त्यांना हरवून काय मोठं केलंस?"

सिस्टर अलॉयसियांनी बारा वर्षं मला शत्रूसाठी प्रार्थना करायला सांगितलं. कारण एकदाही सांगितलं नाही. हे सांगितलं असतं तर मी मनापासून केली असती.

मी हरवलेले: मायामी, जॅक्सनव्हिल आणि ॲरिझोना. अर्लीनने हरवलेले: डेन्व्हर, लास वेगास आणि अटलांटा. माझ्या तिघांचे मिळून चार विजय, तिच्यांचे पाच. मी एकाने मागे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला गेले. मायामीसाठी मेणबत्ती लावली. महिन्यापूर्वी मायामीला शिव्या घालताना माझा घसा बसला होता. जॅक्सनव्हिल कुठे आहे ते मला नीट माहीतही नाही, पण तिथल्या मुलांचे गुडघे शाबूत राहोत.

बाहेर अर्लीनची मैत्रीण भेटली. ती म्हणाली अर्लीन हल्ली सकाळच्याच मिस्साला येते. मग अर्लीनचाच फोन आला, उद्या सामने आमच्याकडे बघ. मी म्हटलं, माझ्याकडे या, टीव्ही मोठा आहे. नाही म्हणाली. अंधार पडल्यावर गाडी चालवायला डोळ्यांना त्रास होतो म्हणे. एमिल चालवेल की, मी म्हटलं. ती म्हणाली, एमिलची गाडी आम्ही विकली.

ती निळी गाडी? रविवारी फडक्याने पुसायचा तो तिला, बाळाला पुसावं तसं. चांगली किंमत आली असणार.

ठीक आहे, मीच जाते. शत्रूच्या मैदानात.

रविवार, ६ ऑक्टोबर

बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी घेऊन दुपारी एकला पोचले. नॉर्बर्ट आधीच सोफ्यावर, दोन पेन्सिली कानांवर. एमिल त्याच्या खुर्चीत, पिट्सबर्गची पिवळी-काळी टोपी घालून. मला बघून उठला, गालाचं चुंबन घेतलं, "बफेलोवाल्यांना पाणी मिळेल, बिअर नाही," म्हणाला आणि फ्रिजकडे जाऊन बिअर घेऊनही आला. फार छान दिसत होता.

अर्लीनच्या स्वयंपाकघरात प्रत्येक ड्रॉवरवर पांढरी पट्टी चिकटवलेली आणि तिच्या त्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं: चमचे. कप. सुऱ्यांच्या ड्रॉवरला कुलूप. बाथरूमच्या दारावर तर मोठ्या अक्षरांत पाटी. मी म्हटलं, अर्लीन, वर्ग भरवतेस की काय इथे. ती म्हणाली, हो, तसंच समज.

दुपारी माझी मायामी जिंकली. जॅक्सनव्हिलसुद्धा. तिचं डेन्व्हर जिंकलं, अटलांटा पडलं. नॉर्बर्टने गंभीर चेहऱ्याने बेरीज जाहीर केली: सहा आणि सहा. मग त्याने पेपर उलटा करून पुन्हा बघितला. उरलेला सामना एकच, चार वाजता, ॲरिझोना विरुद्ध लास वेगास. मी हरवलेले विरुद्ध तिने हरवलेले. जो जिंकेल त्याच्या मालकिणीच्या घरी विगिलिया.

"आपले कोण यातले?" एमिलने विचारलं.

"लास वेगास," अर्लीन म्हणाली.

"कधीपासून?"

"आजच्यापुरते."

नॉर्बर्ट आणि मी हसलो. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, आपले कोण. तिने पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. तो पुन्हा म्हणाला, कधीपासून. तिसऱ्या वेळी नॉर्बर्टने पेन्सिलीचं टोक बघायला सुरुवात केली, आणि मी नॉर्बर्टकडे बघायला.

सामना अटीतटीचा होता असं नॉर्बर्ट म्हणतो. मला शेवटचा भाग सांगता येणार नाही. बाहेर उजेड कमी व्हायला लागला तशी अर्लीन उठली आणि तिने अंधार पडायच्या आत सगळे पडदे ओढले, सगळे दिवे लावले, जिन्यातला, स्वयंपाकघरातला, पोर्चमधलासुद्धा. रोजचं काम असावं तसं, भराभर. तरीही एमिल खुर्चीत चुळबुळ करायला लागला. मग उठला. खुंटीवरचा कोट घेतला, एका हातात घातला, आणि आम्हा सगळ्यांकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाला, "चल अर्लीन. उशीर झाला. यांनाही झोपायचं असेल. घरी जाऊ."

टीव्हीवर लोक ओरडत होते.

अर्लीनने त्याचा दुसरा हात धरला. "जाऊ या," म्हणाली. "जाताना तेवढं बघू नळ बंद केलाय का." ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मला तिथून दिसत होतं. हा आपला नळ. हे आपलं कॅलेंडर, हा तुझा वाढदिवस. तो ड्रॉवरपाशी थांबला आणि बोट ठेवून त्याने वाचलं, "चमचे." ती म्हणाली, हो, चमचे. त्याने उघडून बघितलं. चमचे होते. मग त्याने स्वतःच कोट काढून तिच्या हातात दिला, येऊन खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "बफेलोवाल्यांना पाणी मिळेल, बिअर नाही."

मी म्हटलं, चालेल, पाणी दे.

ॲरिझोना जिंकलं. नॉर्बर्टने सांगितल्यावर मला कळलं. सात आणि सहा.

अर्लीन कोट खुंटीला लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "जिंकलीस, बर्नी. आम्ही येऊ. फक्त फार वेळ थांबता येणार नाही आम्हाला."

मी पिएरोगीचं भांडं न घेताच घरी आले.

सोमवार, ७ ऑक्टोबर

सकाळी रोझानचा फोन, अभिनंदन, तिकिटं काढू ना आई? मी म्हटलं काढ, शहर तर तेच आहे.

टेबलाची पानं जोडली. एकटीनेच, कंबर धरली. चौदा खुर्च्या मांडून बघितल्या, कॅझची खिडकीपाशी. दिसतं छान. मग अर्लीन एमिलला घेऊन दारातून आत येते आहे असं मनाशी बघितलं, बाहेर पूर्ण अंधार, डिसेंबरची थंडी, घरात माझे नातेवाईक, मुलं, गोंधळ, आणि त्याला नळ कुठला आणि कपाट कुठलं हे ठाऊक नाही. पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायचं नाही हा नियम कोणी केला असेल, त्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं.

दुपारी ही मागची पानं वाचली. सप्टेंबरभर मी किती हसले आहे. दुपारचं जेवण म्हणे. कपाट म्हणे. एमिल खरोखर दाराकडे बघत होता त्या शुक्रवारी.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

नॉर्बर्टला बोलावलं. विचारलं, एमिलचं तुला कधीपासून माहीत होतं? तो म्हणाला, त्याला वाटत होतं, पण अर्लीन सांगत नाही तोवर आपण कोण बोलणार. म्हणून त्याने हा फुटबॉलचा घाट घातला होता. त्याला वाटलं होतं पिट्सबर्ग सहज वर राहील आणि विगिलिया आपोआप अर्लीनकडे जाईल. "बफेलो एवढं खेळेल हे कोणाला ठाऊक होतं," असं तो दुःखाने म्हणाला. जन्मभराचा बफेलोवाला.

मी म्हटलं, आता मी अर्लीनला सांगते की तूच कर. तो मान हलवायला लागला. म्हणाला, तिला तू ओळखतेस ना, दयेने दिलेलं ताट परत पाठवेल. आणि ते खरं आहे. सासूबाईंची मुलगी ती.

मी त्याला आणखी कॉफी ओतली. मग मी विचारलं, सामन्याच्या सुरुवातीला नाणं उडवतात, तेव्हा जिंकणारा कप्तान कधी कधी चेंडू घेतच नाही, समोरच्याला देऊन टाकतो, तो का देतो? कॅझ त्यावर नेहमी खूश व्हायचा, मला कारण कधी समजलं नाही.

"शहाणा असतो म्हणून. आत्ता सोडला की दुसऱ्या अर्ध्यात चेंडू त्याचा. दान नाही ते, वहिनी. डाव आहे."

"मग मी सोडला."

"वर्षाला दुसरा अर्धा कुठे असतो?"

"ईस्टर," मी म्हटलं. "ईस्टरची न्याहारी माझ्याकडे. आणि ती यापुढे दर वर्षी. सकाळी दहाला, भर उन्हात."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाच्या चौदा खुर्च्यांकडे. म्हणाला, यात तर तू अर्लीनला फसवते आहेस, हॅम आणि अंडी आणि तेवढी सगळी माणसं, कायमची तुझ्या घरी. मी म्हटलं, तिला अगदी असंच सांग.

त्याने सांगितलं. कारण संध्याकाळी पाचला फोन वाजला, आणि अर्लीनचा आवाज भांडायच्या तयारीत होता. म्हणाली, नॉर्बर्ट म्हणतो तू ईस्टर लाटते आहेस.

मी म्हटलं, नियमात बसतंय.

म्हणाली, आईच्या घरात ईस्टरचं सगळं मी करायचे, तुला साधी लाल मुळ्याची चटणी धड किसता येत नाही. मी म्हटलं, शिकेन. ती म्हणाली, आणि विगिलियाचं सूप मीच करणार, तू मीठ फार घालतेस. मी म्हटलं, मला कधी घालू दिलंत कोणी? मग तिने आठ जणांच्या टेबलावर चौदा कसे बसणार हे विचारलं. मी सांगितलं की माझ्या टेबलाची दोन पानं आणि टेबलक्लॉथ घेऊन येते, नॉर्बर्टच्या व्हॅनमधून. मुलांना जिन्यात बसवू. आणि कॅझची खुर्चीही आणेन.

मागे एमिल विचारत होता, कोण आहे.

"बर्नी आहे," ती त्याला म्हणाली. फोनवर हात न ठेवता. मग मला म्हणाली, "सगळं ठीक आहे, पण ईस्टरच्या न्याहारीला साच्यातलं लोण्याचं कोकरू मी आणणार. आणि त्याचं डोकं एमिलच कापतो, दर वर्षी."

"माहीत आहे."

"कापेल ना गं तो तेव्हा?"

ईस्टर एप्रिलच्या वीस तारखेला आहे. मी कॅलेंडरकडे बघितलं नाही.

"कापेल," मी म्हटलं. "तू त्याच्या हातावर हात ठेव. सुरी मी गरम पाण्यात धरून तयार ठेवते, लोण्यात अलगद जाते."